इंजिन ऑइलविषयीच्या आपल्या तक्रारीस गॅरेजमालकाचे उत्तर

आदरणीय महोदय,

सप्रेम नमस्कार.

आमच्या सातपूर येथील गॅरेजला एक तारा देऊन आपण लिहिलेला अभिप्राय मी दोनदा वाचला आणि आपल्या मोटरसायकलचे जॉब कार्ड व बिल समोर ठेवूनच हे उत्तर लिहीत आहे. गाडीचा नंबर आणि मॉडेल येथे मुद्दाम देत नाही. आपले म्हणणे थोडक्यात असे आहे. आमच्याकडे ऑइल आणि फिल्टर बदलल्याला जेमतेम १,९०० किलोमीटर झाले असताना, कल्याणहून परतताना कसारा घाट चढता चढता इंजिनाच्या वरच्या भागातून खडखड येऊ लागली. इगतपुरीला थांबून पाहिले तर ऑइलची पातळी दाखवणाऱ्या गेजच्या काडीला ऑइल लागतच नव्हते. तेथे मिळाले ते चारचाकीचे ऑइल भरल्यावर थोड्या वेळात आवाज थांबला, परंतु तेव्हापासून चढावर क्लच सुटतो, म्हणजे त्याची पकड घसरते. आम्ही बनावट किंवा चुकीचे ऑइल वापरले असा आपला संशय आहे, काउंटरवरील मुलगा आपली तक्रार ऐकून हसला याचा आपल्याला राग आहे आणि ही गाडी आता भरवशाची राहिली का, असे आपण विचारले आहे.

ऑइल योग्य होते, पण ते आम्ही कमी भरले. आपल्या इंजिनात नुसते ऑइल बदलले तर १ लीटर लागते आणि फिल्टरही बदलला तर १.२ लीटर. जॉब कार्डवर फिल्टर बदलल्याची नोंद आहे, बिलात मात्र १ लीटरचा एकच डबा आहे. वरचे २०० मिली आम्ही मोठ्या डब्यातून मापाने घालतो आणि त्याची रजिस्टरमध्ये वेगळी नोंद होते. त्या दिवशी आपल्या गाडीपुढे तशी नोंद नाही. काम करणाऱ्या मुलाला विचारले तेव्हा त्याने सांगितले की, ऑइल ओतून झाल्यावर त्याने गेज पाहिला होता आणि तो वरच्या खुणेजवळ होता. तो खोटे बोलत नाही. नवा फिल्टर कोरडा असतो. इंजिन चालू झाले की पंप आधी फिल्टर आणि ऑइलच्या वाटा भरतो आणि खालची पातळी उतरते. म्हणून इंजिन दोन-तीन मिनिटे चालवून, बंद करून, पुन्हा तेवढाच वेळ थांबून गेज पाहायचा असतो. हे त्याला शिकवणे माझे काम होते.

दुसरी चूकही आमचीच. आपली गाडी अकरा वर्षांची आहे आणि सकाळी पहिल्या स्टार्टला निळसर धूर देते, हे मिस्त्रींनी कार्डवर लिहून ठेवले आहे: ‘ऑइल कमी होते, ५०० कि.मी.ला गेज पाहणे.’ गाडी न्यायला आपले बंधू आले होते. कार्डाची प्रत त्यांच्या हाती दिली गेली, तोंडाने कोणी काही सांगितले नाही. मिस्त्रींचे अक्षर मलाही लागत नाही, तेव्हा ते आपण वाचायला हवे होते असे मी म्हणणार नाही. सुरुवातीलाच २०० मिली कमी आणि त्यात इंजिन थोडे थोडे ऑइल खाणारे, अशा दोन गोष्टी एकत्र आल्या आणि घाटात, म्हणजे इंजिन सर्वांत जास्त तापते त्या ठिकाणी, त्यांचा परिणाम दिसला. ऑइल फार खाली गेले की पंप ऑइलबरोबर हवाही ओढू लागतो आणि पंपापासून सर्वांत दूर असलेल्या हेडमधील, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागातील, कॅम आणि रॉकर या वॉल्व हलवणाऱ्या भागांना त्याची झळ आधी बसते. आपण ऐकलेली खडखड बहुधा तीच होती.

आता ऑइलविषयी. आपल्या गाडीत २०डब्ल्यू-५० घातले होते, आणि कंपनीच्या पुस्तिकेतही तेच सांगितले आहे. थंडीत हे ऑइल जाड पडून वर पोहोचले नसेल, अशी शंका आपण घेतली आहे. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतील वागणुकीचा असतो आणि नंतरचा १०० अंश सेल्सिअसला असलेल्या दाटपणाचा. २०डब्ल्यू प्रकारच्या ऑइलची थंडीतील चाचणी उणे १५ अंशांवर होते. निफाडला पारा पाच-सहा अंशांवर उतरला की आपल्या जिल्ह्यात बातमी होते, पण या ऑइलला ती थंडी जाणवण्यासारखी नाही. डबा सीलबंद होता आणि त्याचा बॅच क्रमांक बिलावर आहे. बनावट ऑइल बाजारात असते, ही आपली भीती मात्र खरी आहे. रिकामा डबा धड अवस्थेत भंगारात गेला तर तो पुन्हा भरला जाऊ शकतो, म्हणून आम्ही प्रत्येक डब्याला भोक पाडूनच तो टाकतो. पुढच्या वेळी सील आपल्यासमोर उघडायला जरूर सांगा.

क्लच सुटण्याचे कारण मला इगतपुरीच्या ऑइलमध्ये दिसते. अडचणीत ते भरण्याचा आपला निर्णय योग्यच होता. कोरड्या इंजिनाने नाशिकपर्यंत येण्यापेक्षा ते कितीतरी बरे. आपल्या गाडीसारख्या मोटरसायकलमध्ये इंजिन, गिअर आणि क्लच एकाच ऑइलमध्ये चालतात. चारचाकीचा क्लच कोरडा आणि वेगळा असल्यामुळे तिच्या अनेक ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्ये मिसळलेली असतात, आणि तीच आपल्या क्लच प्लेटांची पकड सोडवतात. म्हणून दुचाकीच्या डब्यावर ‘जासो’ या जपानी मानकाची ‘एमए’ किंवा ‘एमए२’ ही खूण पाहून घ्यावी. ‘एमबी’ हे बहुतेक ऑटोमॅटिक स्कूटरसाठी असते, तेही आपल्या गाडीला चालणार नाही. प्लेटा जळल्या नसतील तर ते मिश्रण काढून योग्य ऑइल भरल्यावर पकड बहुतेक वेळा परत येते. जळल्या असतील, तर काढलेल्या ऑइलच्या वासावरूनच ते कळते.

ऑइल ५०० किलोमीटरमध्येच काळे पडल्याची तक्रार आपण काउंटरवर केली, तेव्हा मुलाने ‘काळे पडले म्हणजे ते काम करतेय’ असे उत्तर दिले. उत्तर बरोबर आहे. ऑइलमधील साफ करणारी द्रव्ये काजळी धरून ठेवतात, म्हणून ते काळे दिसते. दुधासारखे पांढरट दिसले असते तर मीच घाबरलो असतो, कारण त्याचा अर्थ पाणी किंवा ओल. पण रस्त्यात इंजिन बंद पडते की काय या धास्तीने आलेल्या माणसासमोर हसणे चूकच होते. त्याबद्दल मी आपली क्षमा मागतो. त्या मुलालाही मी तसे बजावले आहे.

आपल्या मुख्य प्रश्नाचे, म्हणजे भरवशाचे, उत्तर इंजिन न पाहता देणे अप्रामाणिकपणाचे होईल. ऑइल भरल्यावर खडखड थांबली हे चांगले लक्षण आहे, पण तो पुरावा नव्हे. मी पुढीलप्रमाणे तपासणी करणार आहे. आधी ऑइल स्वच्छ पसरट भांड्यात काढून त्यात चुंबक फिरवीन. लोखंडाचा कीस चुंबकाला चिकटतो, अॅल्युमिनियमची चमक चिकटत नाही, म्हणून ती उन्हात धरून वेगळी पाहावी लागते. मग फिल्टर कापून आत काय अडकले आहे ते पाहू. त्यानंतर हेडचे झाकण काढून कॅमच्या उंचवट्यांवर आणि रॉकरवर बोट फिरवू. पृष्ठभाग आरशासारखा असेल तर काळजी नाही. नखाला अडणारी रेघ लागली, तर तो भाग बदलावा लागेल. शेवटी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजू. सकाळच्या धुराबद्दल माझा अंदाज वॉल्व सीलचा, म्हणजे वॉल्वजवळून ऑइल आत झिरपू न देणाऱ्या सीलचा, आहे, कारण तो पहिल्या स्टार्टला येऊन थांबतो; पिस्टनच्या रिंगा गेल्या असत्या तर रेस वाढवताना, चढावर, भर रस्त्यातही धूर दिसला असता. हा अंदाज चुकू शकतो, म्हणून नंतर दोनदा ५०० किलोमीटर चालवून किती ऑइल जाते ते मोजू. गेज नेहमी मधल्या स्टँडवर, सपाट जागी पाहा. बाजूच्या स्टँडवर गाडी कलते आणि काडी चुकीचे सांगते. आपल्या गाडीत ती आटे न फिरवता नुसती टेकवायची आहे. माझ्या हिशेबाने ५०० किलोमीटरला १०० मिलीपेक्षा जास्त जात असेल, तर आपण रिंगांचे बोलू. कमी जात असेल, तर दर आठवड्याला गेज पाहत ही गाडी मुंबईलाही नेता येईल.

ही तपासणी, नवे ऑइल आणि फिल्टर यांचे पैसे आम्ही घेणार नाही. ऑइल कमी पडल्यामुळे कॅम किंवा रॉकर खराब झाला असेल तर तो खर्चही आमचा. इगतपुरीचे ऑइल आपण नाइलाजाने भरले आणि तो नाइलाज आमच्यामुळे आला, म्हणून क्लच प्लेटा जळल्या असतील तर त्याही आम्हीच बदलून देऊ. वॉल्व सील मात्र वयाने गेलेले आहेत. त्यांची किंमत आपली, मजुरी माफ. या प्रसंगानंतर आमच्या जॉब कार्डवर एक नवा रकाना आला आहे: ‘इंजिन चालवून बंद केल्यावरचा गेज’. त्यावर सही झाल्याशिवाय गाडी ग्राहकाच्या हाती दिली जात नाही.

एक विनंती आहे. क्लच सुटत असताना गाडी चालवली तर चांगल्या प्लेटाही जळतात, म्हणून ती चालवत आणू नका. बिलावरील क्रमांकावर कळवल्यास आम्ही टेम्पो पाठवू. आणि मध्ये दुसरीकडे ऑइल बदलून घेऊ नका. इंजिनात आत्ता जे ऑइल आहे, तेच मला आधी पाहायचे आहे.

आपला नम्र,
गॅरेजमालक, सातपूर, नाशिक