जुन्या ट्रकचे इंजेक्टर : ‘जो बसतो तो चालतो’ हा सल्ला का मानू नये

नागपूरच्या वाडी आणि कामठी रोड भागातील ट्रकमालकांमध्ये सध्या एक सल्ला मोबाइलवरून हातोहात फिरतो आहे. त्याचा आशय असा : जुन्या गाडीला जो इंजेक्टर (इंजिनात डिझेल फवारणारा भाग) बसतो तो चालतो, त्याचा नोझल म्हणजे टोकाची तोटी मोठ्या छिद्रांची टाकली की पिकअप आणि ॲव्हरेज दोन्ही वाढतात, काळा धूर दिसला की इंजेक्टरांचा पूर्ण सेट बदलावा. ही तिन्ही विधाने चुकीची आहेत आणि त्यांपायी चांगली इंजिने खराब होतात, म्हणून हे उत्तर.

पहिले विधान सर्वांत घातक आहे. जुन्या पंपाच्या गाडीत, म्हणजे जिथे डिझेलचे माप यांत्रिक पंपच ठरवतो तिथे, इंजेक्टर म्हणजे वरचा होल्डर आणि खालचा नोझल, आणि दोन नोझल बाहेरून हुबेहूब सारखे असले तरी त्यांच्या छिद्रांची संख्या, व्यास आणि फवाऱ्याचा कोन वेगळा असू शकतो. बॉश पद्धतीच्या नोझलवर ‘डीएलएलए 150 पी’ अशी अक्षरे कोरलेली असतात. त्यांतील 150 हा फवाऱ्याचा अंशांतील कोन असून पुढचे ‘पी’ किंवा ‘एस’ हे अक्षर नोझलचा आकार सांगते. कोन चुकला तर डिझेल पिस्टनच्या वाटीत (डोक्यावरच्या खोलगट भागात) न पडता कडेला किंवा सिलिंडरच्या भिंतीवर पडते, तिथला ऑइलचा थर धुऊन काढते आणि शेवटी ऑइल चेंबरमध्ये उतरून ऑइल पातळ करते. तांब्याच्या वॉशरचेही तसेच आहे : जुना वॉशर खाचेत चिकटून राहिला आणि त्यावर नवा बसला, तर नोझलचे टोक तेवढे वर राहते आणि फवारा वाटीतली नेमकी जागा चुकतो.

जुना नोझल दाखवून तसाच मागणे हाही भरवशाचा मार्ग नाही, कारण आधीच्या मालकाने चुकीचा नोझल टाकलेला असू शकतो किंवा इंजिनच बदललेले असू शकते. म्हणून आरसी बुकातील मॉडेलवर न थांबता इंजिनवरचा नंबर आणि पंपाच्या पट्टीवरचा नंबर टिपून घ्यावा आणि त्यावरून पार्ट्स कॅटलॉगमध्ये होल्डर व नोझल शोधावा. नवा सेटही टेस्टिंग मशीनवर पाहूनच घ्यावा. उघडण्याच्या दाबापेक्षा सुमारे 20 बार (बार हे दाबाचे एकक) कमी दाब दहा सेकंद धरला असता टोकाला थेंब साचता कामा नये, आणि उघडताना धुक्यासारखा सारखा फवारा पडला पाहिजे. त्या फवाऱ्यासमोर हात कधीही नेऊ नये. डिझेल कातडीत घुसते आणि बोट गमावण्याची वेळ येते.

दुसऱ्या विधानात मूळ समजच उलटा आहे. प्रत्येक वेळी किती डिझेल द्यायचे हे पंप ठरवतो, नोझल ते फक्त बारीक करतो. छिद्रे मोठी झाली की थेंब जाड होतात, जळणे अपुरे राहते आणि एक्झॉस्टचे तापमान वाढते. मे महिन्यात नागपूरचा पारा 45 अंशांवर असताना भरलेली गाडी सिवनीकडे कुरई घाट चढते, तेव्हा हा जादा ताप पिस्टन आणि टर्बोला (इंजिनात जादा हवा ढकलणाऱ्या पंख्याला) सोसावा लागतो. ॲव्हरेज वाढण्याचे यात काहीही कारण नाही.

धुराबद्दल थोडक्यात. काळा धूर चोंदलेल्या एअर फिल्टरमुळे, टर्बोच्या फुटलेल्या होज पाइपमुळे किंवा पंपाच्या चुकीच्या सेटिंगमुळेही येतो, आणि कोळशाच्या फेऱ्या करणाऱ्या गाडीत तर फिल्टरच आधी तपासावा. जुन्या पंपाच्या इंजिनात आयडलवर (गाडी उभी असताना इंजिन मंद चालू ठेवून) एकेका सिलिंडरच्या इंजेक्टरला येणाऱ्या डिझेल पाइपचा नट सैल करून पाहिल्यास ज्याने आवाजात फरक पडत नाही तो सिलिंडर संशयित ठरतो, मग दोष इंजेक्टरचा असो वा कॉम्प्रेशनचा (सिलिंडरमध्ये हवा नीट दाबली न जाण्याचा). एका इंजेक्टरच्या दोषासाठी सगळे फेकण्याची गरज नसते.

कॉमन रेलच्या गाडीत, म्हणजे जिथे सर्व इंजेक्टरांना एकाच नळीतून सतत उच्च दाबाचे डिझेल मिळते तिथे, मात्र हा नट चालू इंजिनवर कधीही सैल करू नये, कारण तिथे आयडललाही दाब शेकडो बार असतो. शिवाय अशा अनेक इंजेक्टरांवर त्यांचा स्वतंत्र कोड छापलेला असतो, तो स्कॅनरने ईसीयूमध्ये (इंजिन चालवणाऱ्या संगणकात) भरून घ्यावा लागतो. त्यामुळे इंजेक्टर घेतानाच तो कोड वाचता येतो का आणि तो भरून कोण देणार, हे दुकानदाराला विचारून घ्यावे.