गड्ड्याचे लाड आणि माझा पहारा

सोलापुरात कुत्रं पाळायचं म्हटलं की आधी शेंगाचटणीच्या डब्याला कुलूप लावावं लागतंय. हसू नका. आमच्याकडं चटणी ताटात कमी अन् घरभर जास्त असते, ओट्यावर, टीव्हीसमोर, पोराच्या दप्तरात, आणि तिच्यात लसूण भरपूर. कांदा-लसणानं कुत्र्या-मांजराच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात, मांजराला तर थोडक्यातच बाधतंय. आईला हे सांगितलं तर म्हणे, "लसणानं उलट रक्त शुद्ध होतंय." आता काय बोलायचं!

गड्ड्या म्हणजे आमचं कुत्रं. सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेत होम मैदानावर पाळण्याच्या मागं कुईकुई करत बसलं होतं, पोरानं उचलून आणलं. चिंगी मांजर आपणहून राहायला आली, डिपॉझिट न देता. दोघांनाही आजारापेक्षा पाहुण्यांचा धोका जास्त, हे माझं स्पष्ट मत. पंढरपूरकडचा मामा आला की पिशवीभर बेदाणे, आणि पहिला घास गड्ड्याला. म्हटलं मामा, द्राक्षं-बेदाण्यानं कुत्र्याची किडनी निकामी होऊ शकते ओ, कुठल्याला किती बाधतील ह्याचा नेम नसतो. मामाचं तोंडच उतरलं. "आमच्या मालाला आजवर व्यापाऱ्यानं नाव ठेवलं नाही, अन् तू कुत्र्याचं सांगायलास?" दिवाळीला आलाच नाही.

शेजारच्या काकू वेगळ्याच. चिंगी जरा शिंकली की ह्या पॅरासिटामॉलची अर्धी गोळी आणि दुधाची वाटी घेऊन हजर. मांजराच्या लिव्हरला ती गोळी झेपतच नाही, एका गोळीतसुद्धा जीव जाऊ शकतो, आणि मोठ्या मांजराला बऱ्याचदा दूधपण पचत नाही, म्हणजे त्या उपायात सेफ फक्त वाटी होती.

पण खरी परीक्षा एप्रिल-मेची. पारा त्रेचाळीसच्या पुढं, कुत्र्याला घाम येतो तो फक्त पंजाला, बाकी सगळी भिस्त जीभ बाहेर काढून धापा टाकण्यावर, म्हणून फिरवायचं ते पहाटे नाहीतर रात्रीच, आणि आधी हाताची मागची बाजू डांबरावर सातेक सेकंद टेकवून बघायची, आपल्याला सोसलं नाही तर त्याच्या पंजाला कसं सोसणार. हे ज्ञान घेऊन मी विजापूर रोडच्या कडेला संध्याकाळी उकिडवा बसलो, हात रस्त्यावर टेकवून. एक स्कूटर थांबली. "काय पडलं ओ?" काही नाही म्हणेपर्यंत दुसरी थांबली, पहिल्यानं दुसऱ्याला परस्पर सांगितलं, अंगठी पडली म्हणून. मग एक पाणीपुरीवाला मोबाईलचा टॉर्च लावून आला, एक आजोबा "किती तोळ्याची?" विचारायलेत, गड्ड्या सगळ्यांच्या चपला हुंगायलाय आणि माझा हात पोळायलाय. शेवटी कुणाला तरी दोन रुपयाचा ठोकळा सापडला, तो माझ्या हातात ठेवून सगळे समाधानानं गेले.

मग रेबीजची सुई. तीन महिन्याला पहिली, मग बूस्टर, पुढं दरवर्षी. लक्षणं दिसायला लागल्यावर ह्या रोगाला औषध नाही, त्यामुळं तिथं हयगय चालत नाही, आणि मांजरालापण लागते. चिंगीला टॉवेलात गुंडाळून न्यावं लागतंय (टॉवेलाचा तोटा निदान आपल्या गावात तरी नाही), एक पाय आत घातला की दुसरा बाहेर येतोय. ह्यावेळी आईपण हौसेनं सोबत आली. डॉक्टरांनी सुया टोचल्या, दर तीन महिन्याला जंताचं औषध द्या म्हणाले, गोचीड बघत जा, आणि कुत्र्याचं गोचिडाचं औषध मांजराला चुकूनसुद्धा लावू नका. मग चष्म्यावरून आमच्याकडं बघत म्हणाले, "आणि घरातलं काहीबाही खायला घालणं बंद करा."

आईनं मान डोलावली. "बघा की डॉक्टर, मी ह्याला रोज तेच सांगायले."