‘सगळे रिव्ह्यू विकलेले’ म्हणे!

परवा रात्री साडेअकराला भाच्याने एक मेसेज पुढे ढकलला. खाली एकच ओळ: ‘मामा, मग आपण उगाच वाचत बसलो का?’ लग्नाच्या कामांसाठी त्याला पहिला बरा कॅमेरा घ्यायचाय. दोन महिने आम्ही रिव्ह्यू चाळतोय. आणि आता ‘फोटोग्राफर बंधूंनो, जागे व्हा’ असं सुरू होणाऱ्या त्या मेसेजपायी पठ्ठ्या सगळं सोडून स्टार मोजायला निघाला.

मेसेजचं म्हणणं असं: कंपन्या कॅमेरे फुकट वाटतात, म्हणून रिव्ह्यू विकलेले. मोठ्या साइट दुकानदारांच्या मालकीच्या, त्या ठरावीक ब्रँड पुढे करतात. नमुन्याचे फोटो एडिट केलेले. तेव्हा ऑनलाइन दुकानात ग्राहकांनी दिलेले स्टार तेवढे बघा, जनता खोटं बोलत नाही.

फुकटच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे, मान्य करावंच लागेल. रिव्ह्यूसाठी आलेला कॅमेरा बहुतेक वेळा उसना असतो, परत जातो. पण लाँचच्या सहलीचा खर्च कंपनी करते, आणि फार टोचून लिहिलं तर पुढचा कॅमेरा वेळेवर मिळेल का, ही धाकधूक असतेच. आपल्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये सांगून ठेवलंय की फुकट वस्तू, सहल, सवलत असं काही मिळालं असेल तर ते प्रेक्षकाला स्पष्ट दिसेल असं जाहीर करा. जो सांगत नाही त्याच्यावर जरूर संशय घ्या. पण उसना कॅमेरा वापरला म्हणजे माणूस विकला गेला, हे कुठलं गणित?

मालकीचा रोख डीपीरिव्ह्यू या कॅमेऱ्यांच्या रिव्ह्यू साइटवर आहे. फिल आस्कीने १९९८ मध्ये सुरू केलेली ही साइट २००७ मध्ये अ‍ॅमेझॉनने घेतली, हे खरंच. पण अ‍ॅमेझॉन कॅनन विकतं, निकॉन विकतं, सोनीही विकतं. कुठलाही घ्या, गल्ला त्यांचाच. मग एकाच ब्रँडचं घोडं ते कशाला दामटतील? शिवाय मार्च २०२३ मध्ये त्यांनी साइट बंद करायचीच घोषणा केली होती. शेवटी गिअर पट्रोल या दुसऱ्या कंपनीने ती विकत घेतली. रिव्ह्यूतल्या लिंकवरून कुणी खरेदी केली की साइटला कमिशन मिळतं, त्यातून येणारा पक्षपात वेगळा असतो. तो ‘हा घ्या’ असा नसतो, ‘घ्याच’ असा असतो. ‘तुमचा जुना कॅमेरा अजून तीन वर्षं चालेल’ असं सांगणारा रिव्ह्यू किती वेळा दिसतो? खरी शंका इथे घ्यायची. मेसेजवाला तिच्याकडे फिरकलाही नाही.

एडिटचं म्हणाल, तर ज्या साइट रॉ फाइली, म्हणजे कॅमेऱ्यातून निघालेल्या कच्च्या फाइली देतात, त्यांच्या उतरवून घ्या. मी भाच्याच्या लॅपटॉपवर दोन कॅमेऱ्यांच्या ६४०० आयएसओच्या, म्हणजे कमी उजेडासाठी वापरतात त्या सेटिंगच्या, फाइली शेजारी शेजारी उघडल्या. बारीक छपाईवर झूम केलं, तर एकात अक्षरं वाचता येत होती, दुसऱ्यात नुसता रवा सांडलेला. कुणाच्या मतावर विसंबायची गरजच पडली नाही.

आता स्टार. सगळ्यात घातक मुद्दा हाच. भाच्याने निवडलेल्या कॅमेऱ्याखालचे शेरे मी चहा पिता पिता वाचून काढले. ‘पॅकिंग एक नंबर, दोन दिवसांत आला’: पाच स्टार. ‘बॅग मिळाली नाही’: एक स्टार. ‘अजून वापरला नाही, पण दिसायला भारी’: पुन्हा पाच! यावर ऐंशी हजार घालायचे?

ही माणसं खोटं बोलत नाहीत, कबूल. पण प्रत्येकाच्या हातात एकच नग, तोही पहिल्या आठवड्यातला. निकॉन डी६००चं उदाहरण घ्या. सप्टेंबर २०१२ मध्ये आला, वाहवा झाली. मग कॅमेरा वापरात पडला तसे आतल्या सेन्सरवर, म्हणजे फोटो टिपणाऱ्या भागावर, डाग जमायला लागले, फोटोच्या डाव्या-वरच्या कोपऱ्याकडे जास्त. एखाद्याला दिसले तरी वाटणार, आपण लेन्स बदलताना धूळ गेली असेल. हे आकडेमोडीच्या भाषेत मांडलं ते अमेरिकेतल्या लेन्सरेंटल्सच्या रॉजर सिकाला यांनी, त्याच ऑक्टोबरात. त्यांचा धंदा भाड्याचा. एकाच मॉडेलचे ढिगाने नग येतात, जातात, परत आल्यावर प्रत्येक तपासला जातो. त्यामुळे ही एका नगाची कुरबुर नाही, हे त्यांना कळलं. निकॉनने फेब्रुवारी २०१३ मध्ये सूचना काढली, वर्षभराने फुकट तपासणी आणि शटर बदलून द्यायची तयारी दाखवली, वॉरंटी संपलेल्यांनासुद्धा. पाच स्टार देऊन मोकळा झालेला ग्राहक तोवर मूळ शेरा बदलायला थोडाच परत येतो?

उलट असा दोष लिहिणाऱ्यालाच तेव्हा ‘दुसऱ्या कंपनीचे पैसे खाल्लेस’ म्हणणारे निघतात. कौतुक केलं तरी विकलेला, नावं ठेवली तरी विकलेला. मग त्या बिचाऱ्याने लिहायचं तरी काय?

भाच्याला म्हटलं, यादीतले दोन्ही कॅमेरे एक दिवस भाड्याने आण. शनिवारी मिरजेला हळद आहे, मांडवात उजेड यथातथाच. तो म्हणाला, ‘आणि मामा, भाडं कोण भरणार?’ मीच भरतोय.