रुक्मिणीला घाम येऊ नये म्हणे

दुपारी भाचीचा फोन आला, रडत होती पोरगी. तिच्या ग्रुपची शॉर्टफिल्म स्पर्धेतून काढून टाकली. कारण काय, तर रुक्मिणी विळीवर अंबाडी चिरते आणि पदराने मानेवरचा घाम पुसते. "देवीला असं दाखवू नये, लोकांच्या भावना दुखावतात." आयोजकांपैकी एकानेही फिल्म शेवटपर्यंत बघितली नव्हती.

कोणत्या लोकांच्या हो? माझ्या आजीच्या तर नक्कीच नाही, आणि तिच्यासारखी विठोबाची भक्त आमच्या नागपूरच्या महाल भागात दुसरी नव्हती. आषाढीची धापेवाड्याच्या विठोबाची यात्रा कधी चुकवली नाही तिने. एकदा दूरदर्शनवर प्रभातचा १९३६चा 'संत तुकाराम' लागला होता. पोर आजारी पडतं तेव्हा तुकारामांची बायको जिजाई त्याला ओढत देवळात नेते आणि वहाण हातात घेऊन पांडुरंगावर धावून जाते. आम्ही पोरं आजीकडे बघतोय, आता ही टीव्ही बंद करते. तर आजी म्हणाली, "मार त्याले बाई, मार! पोरगं तापानं फणफणून राहिलं अन् हा कमरेवर हात ठेवून उभा!"

त्या जिजाईचं काम करणाऱ्या गौरीबाई प्रभातमध्ये साध्या कामगार होत्या. दादासाहेब फाळक्यांच्या 'लंकादहन' सिनेमात तर राम आणि सीता दोन्ही एकच अण्णा साळुंके, आधी हॉटेलात काम करणारे. १९१९ला फाळक्यांनी स्वतःच्या लेकीला, मंदाकिनीला, कृष्ण केलं. शंभर वर्षांपूर्वी आपल्याला हे सगळं चालत होतं! आता मात्र विळी दिसली की धर्म बुडतो.

हो, नुसता गाजावाजा व्हावा म्हणून देवाची खोडी काढणारे आहेत, मान्य. 'आदिपुरुष' सिनेमातल्या हनुमानाचे ते टपोरी संवाद ऐकून मीही संतापले होते. पण तिथे हनुमान माणूस नव्हता झाला, टवाळ झाला होता. एवढा फरक कळू नये?

आणि रुक्मिणी तर आपल्या विदर्भाची लेक. कौंडिण्यपूर तिचं माहेर, तिथून दरवर्षी तिची पालखी पंढरपूरला जाते. राधेला कृष्णाच्या मांडीवर बघून ती रुसली, दिंडीरवनात जाऊन बसली, आणि देव तिच्यामागे शोधत आला, ही कथा आपल्या आज्यांनीच सांगितली ना? पंढरपुरात आजही तिचं देऊळ वेगळं आहे. रुसवा चालतो, घाम चालत नाही! जनाबाईसोबत जात्यावर बसलेल्या विठोबाला घाम आला नसेल का?

आता जरा राग निवळलाय, म्हणून हेही लिहिते. आजीचा एक मुलगा लहानपणी तापानेच गेला होता. मला हे फार उशिरा कळलं, आईकडून. तो गेल्यावरही आजीने पूजा सोडली नाही, पण नैवेद्य दाखवताना विठोबाशी भांडायची, अगदी घरच्या माणसाशी भांडावं तसं. जिजाईत तिला स्वतःचंच बोलणं ऐकू आलं असणार. देव माणसासारखा नसता तर ही बाई भांडली कोणाशी असती?

भाचीला सांगितलंय, रडू नको, रविवारी संध्याकाळी आमच्या गच्चीवर पडदा लावू. वीस मिनिटांची फिल्म आहे. ज्यांना यायचं त्यांनी कमेंटमध्ये सांगा, तेवढ्या खुर्च्या मागवते. ज्यांना राग आलाय त्यांनीही या. चहा-चिवडा मिळेल, वादही घालू, पण आधी पूर्ण बघायची.