जोई सुटला, व्हेराचं काय?

‘पॅल जोई’ (1957) या हॉलिवूडच्या सिनेमाचा विषय निघाला की दोन तट पडतात. काहींचं म्हणणं, जोई झालेला फ्रँक सिनात्रा गायला लागला की त्याला सगळं माफ. काहींना असला बायकांचा वापर करून घेणारा नायक आता बघवत नाही. मला दोन्ही पटत नाही. मला जोईचा राग येत नाही, त्याला शेवटी सज्जन करून टाकणाऱ्यांचा येतो.

मूळचा जोई असा नव्हताच. जॉन ओ’हाराच्या कथांमध्ये तो मित्राला पत्रं लिहितो आणि फुशारकी मारता मारता स्वतःचंच पितळ उघडं पाडतो. क्लबात गाणारा, गोडबोल्या, आतून पक्का मतलबी. 1940 साली संगीतकार रॉजर्स आणि गीतकार हार्ट यांनी त्याच्यावर न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेसाठी संगीत नाटक केलं, जोई होता जीन केली. इतक्या नासक्या माणसावर गाणी रचावीत हे तेव्हाही काहींना रुचलं नव्हतं. पण नाटकानं त्याला शेवटपर्यंत तसंच ठेवलं, आणि शेवटी एकटं पाडलं.

सिनेमात गोष्ट शिकागोहून सॅन फ्रान्सिस्कोला गेली, झोंबणारे शब्द धुऊन पुसून घेतले गेले, दुसऱ्या नाटकांतली गाणी आणून बसवली. त्याचं मला काही नाही, ‘द लेडी इज अ ट्रॅम्प’ त्यामुळेच तर मिळालं! पण शेवट बघा. जोई निघाला की किम नोव्हाकची लिंडा, क्लबात नाचणारी मुलगी, त्याच्यामागे जाते, बरोबर गोजिरवाणं कुत्रं, मागे गोल्डन गेटचा पूल. झालं, सगळं विसरायचं.

आणि व्हेरा? रीटा हेवर्थ इथे ‘वयस्क’ श्रीमंत विधवा आहे. तिचा जन्म 1918 चा, सिनात्राचा 1915 चा. तो मात्र तरणाबांड नायक! कोणे एके काळी व्हेरा क्लबात कपडे उतरवत नाचायची. जोई तिच्याच घरच्या समारंभात, प्रतिष्ठित पाहुण्यांदेखत, तिला तो जुना नाच करायला भाग पाडतो. एवढा अपमान करूनही क्लब काढायला पैसा तिचाच घेतो.

तरी मी हा सिनेमा पुन्हा पुन्हा बघते, ते हेवर्थसाठी. रिकाम्या क्लबात सिनात्रा ‘ट्रॅम्प’ गातो तेव्हा सगळे त्याच्याकडे बघतात. तुम्ही एकदा तिच्याकडे बघा. ताठ, दुखावलेला चेहरा हळूहळू कसा सैल होत जातो! एक शब्द न बोलता तिनं सांगितलंय की हा माणूस कसा आहे ते मला पुरतं कळतंय आणि तरीही मी त्याच्याबरोबर जाणार आहे. तिच्या गाण्यांना आवाज जो अ‍ॅन ग्रीरचा आहे, पण हा चेहरा तिचा स्वतःचा.

‘बिविच्ड’ हे प्रेमात वेडी झाल्याचं गाणं नाटकातली व्हेरा शेवटी पुन्हा म्हणते, त्या वेळी मात्र जोईच्या तावडीतून सुटल्याच्या आनंदात. हेवर्थच्या व्हेराला ते असं पुन्हा म्हणूच दिलं नाही.