टीम पाहावी दूरची

भाऊ, सोयरीक जुळवताना म्हातारे सांगतात, गावातल्या गावात पोरगी देऊ नये. रोज तोंड दिसतं, रोज उणंदुणं निघतं. टीम निवडतानाही हेच धोरण ठेवा. टीम जितकी लांब, तितकी माया टिकते. चेन्नई चांगली, मँचेस्टर त्याहून चांगलं. नागपूर मात्र चुकूनही नको. आमच्या गावापासून नागपूर सव्वाशे किलोमीटर. म्हणजे तिथला खेळाडू उद्या एखाद्या लग्नात आपल्याच पंगतीला बसलेला सापडायचा. ज्याला दुसऱ्यांदा बुंदी मागून घेताना पाहिलं, त्याच्यासाठी डोकं फोडून घ्यायला कोण तयार होईल?

हे ज्ञान मला यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात, एसटी थांब्यावरच्या पानठेल्यासमोर पंधरा-सोळा वर्षं उभं राहून मिळालं आहे. नव्या चाहत्यांना फुकट देतो. खर्रा तेवढा ज्याचा त्याने आणावा.

आधी जर्सी. आठवडी बाजारात दोन-अडीचशेला मिळते. धुतली की पाठीवरचा नंबर निघतो, म्हणून धुवायची नाही. रंग मात्र विचार करून घ्या. चेन्नईची पिवळी घालून पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत, शिरलात तर पांढरी माशी अंगावर येते. कृषी सहायक पिवळे चिकट सापळे लावायला उगाच सांगत नाहीत. मुंबईची निळी घातली तर फुलकिडे, त्यांच्यासाठी निळा सापळा असतो. आमच्याकडे या दोन टीमचे चाहते एका धुऱ्यावर भांडत उभे राहिले की त्या वावरात सापळ्यांचा खर्च वाचतो. पाच-पाच वेळा आयपीएल जिंकलेल्या टीम, पण आमच्या पिकाला त्यांचा झालेला फायदा एवढाच.

कीड नको असेल तर लाल घ्या, बंगळूरची. पण त्यासाठी कोरडवाहू कापूसवाल्याचं काळीज लागतं. २००८ पासून ती माणसं दरवर्षी म्हणत होती, यंदा कप आपलाच. आपण नाही का दर मृगाला म्हणत, यंदा पिकते म्हणून? तीनदा फायनलपर्यंत जाऊन हरले. फुटलेल्या बोंडांवर अवकाळी पडावा तसं. शेवटी अठराव्या मोसमात, ३ जून २०२५ ला, अहमदाबादेत पंजाबला सहा धावांनी हरवलं आणि कप आला. मृग चार-पाच दिवसांवर होता. आमच्या गावात बियाण्याला ठेवलेल्या पैशांचे फटाके आले. त्या वर्षीची पेरणी उधारीवर झाली, पण वाजत-गाजत झाली.

या लाल टीममध्ये एक गोम आहे, आधीच सांगून ठेवतो. तिचा विकेटकीपर जितेश शर्मा अमरावतीचा. कप यायच्या आठवडाभर आधी, २७ मे ला, लखनौच्या मैदानावर बंगळूरपुढे २२८ चं लक्ष्य होतं. त्या दिवशी कर्णधारही तोच. गड्याने ३३ चेंडूंत नाबाद ८५ ठोकल्या. पानठेल्यावर नाच चालू होता आणि माझ्या तोंडून निघून गेलं.

"अरे, हा आपल्या अमरावतीचा हाय."

"कोनं सांगतलं तुले?"

"पेपरात आलं."

"काहीबी छापतेत. अमरावतीचा असता तं अमरावतीतच असता ना बे!"

यावर काय बोलणार? तेव्हापासून मी शहाणा झालो. तुम्हालाही असं काही कळलं तर पोटात ठेवा. फलंदाज अमरावतीचा आहे म्हटलं की त्याचे षटकार चार-पाच मीटरने आखूड वाटू लागतात.

आता ज्यांच्या पंपाला रात्रीची लाईन आहे त्यांच्याकडे वळू. थ्री फेज कधी दिवसा, कधी रात्री, आणि ज्या आठवड्यात रात्रीची पाळी त्या आठवड्यात माणसाने युरोपातला फुटबॉल पाहावा, दुसरा इलाज नाही. हिवाळ्यात तिकडचे मधल्या वारांचे सामने आपल्याकडे बऱ्याचदा रात्री दीडला सुरू होतात. हरभऱ्याचे स्प्रिंकलर तेव्हाच फिरत असतात आणि रानडुकरंही तेव्हाच येतात. आपलं आणि मँचेस्टर युनायटेडचं वेळापत्रक एकाच साहेबाने बनवलं असावं. अडचण एकच. तिथली विश्रांती पंधरा मिनिटांची असते आणि स्प्रिंकलरचे पाईप हलवायला वीस लागतात. उत्तरार्धातली पहिली पाच मिनिटं आमच्या गावात आजवर कोणी पाहिलेली नाहीत.

माझा मावसभाऊ पक्का युनायटेडवाला. मचाणावर मोबाईल घेऊन जागलीला बसतो. गोल झाला की असा बोंबलतो, की शेजारच्या तीन वावरांतली डुकरं पळतात. म्हणजे तिघांची जागल फुकटात. पण २०२४-२५ च्या मोसमात युनायटेडने लीगच्या ३८ सामन्यांत ४४ गोल केले आणि पंधराव्या नंबरावर आले. त्या वर्षी हरभरा डुकरांनी खाल्ला. तिघे शेजारी त्याच्याकडे शिष्टमंडळ घेऊन आले. "बाप्पा, टीम बदल. लिवरपूल धर. त्याईनं शहाऐंशी मारले म्हनते." मावसभाऊ हलला नाही. निष्ठा अशी पाहिजे. तिच्यात नुकसान शेजाऱ्याचं झालं तर आणखी उत्तम.

कोणी विचारेल, यवतमाळचा आणि मँचेस्टरचा काय संबंध? संबंध जुना आहे. १८६१ ला अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस अडला, आणि लँकशायरच्या गिरण्यांना वऱ्हाड आठवलं. पुढे याच कापसासाठी विलायती कंपनीने यवतमाळ ते मूर्तिजापूर अशी अरुंद रुळांची शकुंतला टाकली. इथून गाठी जायच्या, तिथून कापड यायचं, आणि आपण ते दाम मोजून अंगावर घ्यायचो. हा आपल्याच पऱ्हाटीचा धागा असेल हे कोणाच्या मनातही येत नसे. आता शकुंतला बंद आहे. मावसभावाची जर्सी कुरिअरने येते. पॉलिस्टरची.

हे सगळं जमलं तरी खरी परीक्षा पुढेच आहे: घरच्या टीमकडे दुर्लक्ष करणं. वाटतं तितकं सोपं नाही, कारण विदर्भाची टीम अलीकडे ऐकत नाही, जिंकते. पूर्वी बरं होतं. १९५७-५८ ला रणजीत उतरली आणि साठ वर्षं कोणाला त्रास दिला नाही. मग इंदूरला दिल्लीविरुद्ध फायनल झाली, रजनीश गुरबानी नावाच्या सिव्हिल इंजिनिअरने हॅटट्रिक घेतली, आणि १ जानेवारी २०१८ ला फैज फजलच्या हातात करंडक आला. नशीब आपलं, की त्या दिवशी सगळं गाव नव्या वर्षाचे गुलाबाचे फोटो पाठवण्यात गुंतलं होतं. बातमी वेशीपर्यंत येऊन परत गेली. पुढच्या मोसमात पुन्हा जिंकले. तेव्हा आम्ही ठरवून टाकलं की हा तुक्का आहे. दोनदा लागलेला, पण तुक्काच.

२०२५ ला मात्र मोठा बाका प्रसंग आला. ६ फेब्रुवारीला नागपूरजवळच्या जामठ्याच्या मैदानावर भारत-इंग्लंड वनडे होती. तुरीचा चुकारा नुकताच हातात पडलेला. आमच्या गावातून दोन गाड्या भरून गेल्या. तिकिटं कोणी कितीला घेतली ते घरी अजून सांगितलेलं नाही, इथेही सांगत नाही. बरोबर वीस दिवसांनी, महाशिवरात्रीला, त्याच मैदानावर विदर्भ-केरळ रणजी फायनल सुरू झाली. पाच दिवस चालली. रणजीच्या सामन्याला सहसा तिकीट नसतं, आणि घोळ इथेच आहे. जे फुकटात दिसतं ते पाहायला कोण जाणार? त्या आठवड्यात मेडिकलला भरती असलेल्या पेशंटला डबा घेऊन गावातली पाच-सहा माणसं एसटीने नागपूरला गेली. वर्धा रोडवर खिडकीतून जामठ्याचे दिव्यांचे खांब पाहिले आणि म्हणाली, मागच्या वेळी इथेच आलो होतो ना बे. गाडी पुढे निघून गेली.

शेवटचा दिवस २ मार्चचा. दुबईला भारत-न्यूझीलंड होती, म्हणून गाव टीव्हीपुढे. तिकडे जामठ्याला सामना अनिर्णित सुटला, पहिल्या डावातल्या ३७ धावांच्या आघाडीवर विदर्भ तिसऱ्यांदा रणजी जिंकला, अक्षय वाडकरने करंडक घेतला. आणि आम्ही इकडे भारत सलग कितव्यांदा टॉस हरला ते बोटांवर मोजत होतो. संध्याकाळी बातमी फुटली. अशा वेळी गडबडून जाऊ नये. दोन-तीन वाक्यं पाठ असली की भागतं. "पाच-पाच दिवसाची मॅच कोन पाह्यते आता?" हे पहिलं. "बरोबरीत सुटली तं जिंकले कसे?" हे दुसरं, आणि याला उत्तर द्यायला समोरच्याला वीस मिनिटं लागतात, तेवढ्यात आपली गाडी येते. तिसरं ब्रह्मास्त्र आहे. कोणी सांगू लागला की त्या मोसमात हर्ष दुबेने ६९ बळी घेतले, रणजीच्या इतिहासात एका मोसमात एवढे कोणीच घेतले नव्हते, तर सुपारी चघळत शांतपणे विचारायचं, "आयपीएलमधी किती?"

तरी कोणी निष्ठेच्या गोष्टी केल्या तर त्याला हीच फायनल दाखवा. केरळकडून ७९ धावा काढणारा आदित्य सरवटे नागपूरचा. २०१९ च्या फायनलमध्ये ११ बळी घेऊन त्यानेच विदर्भाला जिंकून दिलं होतं. आणि विदर्भाकडून दुसऱ्या डावात १३५ काढणारा करुण नायर कर्नाटकातून आलेला. खेळाडू म्हणजे सालदार, पाडव्याला मालक बदलतो. त्याचं काही चुकत नाही. जन्मभर एकाच खुंट्याला बांधून घ्यायचं ते चाहत्याने.

नागपूरच्या दिव्या देशमुखने जुलै २०२५ मध्ये जॉर्जियात बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला, तिच्याविषयी काय बोलावं हा प्रश्न आमच्याकडे उद्भवला नाही. पानठेल्यावर बुद्धिबळ म्हटलं की लोक उठून चहा प्यायला जातात.

माझ्या धोरणाला एका ठिकाणी मात्र तडा जातो, लपवत नाही. शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत. मे २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने शर्यतींची परवानगी कायम ठेवली आणि पट पुन्हा जोरात भरू लागले. आमच्या गावात एक आबाजी आहेत. नातवंडांना हाका मारताना नावं चुकतात, पण तळेगाव दशासरच्या पटात कोणती जोडी किती सेकंदांत सुटली ते पॉइंटनंतरच्या आकड्यासकट सांगतात. डावा बैल कोणत्या गावचा, उजवा कोणाकडून केवढ्याला घेतला, दाणीला कोण होता, सगळं तोंडपाठ. जर्सी नाही की झेंडा नाही. जोडी हरली तर दोन दिवस भाकर गोड लागत नाही. मी एकदा विचारलं, "आबाजी, तुमची टीम कोनती?"

"टीम कायची बाप्पा. बैल हायेत. त्याईले म्या गोऱ्हे असतानीपासून पाह्यलं."

अशा माणसांपुढे आपण हात टेकतो. गोठ्यात पाहिलेल्या जनावरावर जीव लावायची ही जुनी खोड आहे. ती मोडेपर्यंत गावात चाहता म्हणून कोणी तयार होणार नाही.

आता एक प्रत्यक्ष उदाहरण देतो, म्हणजे तुमच्या गावात असा प्रसंग आला तर घोटाळा व्हायला नको. आमच्याकडे एक पोट्टा आहे. सहा फूट उंच, हात लांब, चेंडू असा फेकतो की टेनिस बॉलच्या टूर्नामेंटमध्ये विकेटकीपर स्टंपांपासून पंधरा पावलं मागे उभा राहतो. जुलैच्या सुरुवातीला तो पानठेल्यावर आला. नागपूरला निवड चाचणी आहे, एसटीचं भाडं अन् खिळ्यांचे बूट पाहिजेत, थोडी वर्गणी करता काय म्हणाला. आता ७ जुलै म्हणजे धोनीचा वाढदिवस. वीस बाय दहाचा फ्लेक्स छापून आला होता. मधोमध धोनी, खाली आम्हा बेचाळीस जणांचे फोटो. पैसे त्यातच संपलेले. आम्ही पोट्ट्याला तोडून बोललो नाही, प्रेमाने समजावलं. "तू एक डाव चेन्नईच्या टीममधी जा, मंग पाह्य आमी तुहा फ्लेक्स कसा लावतो ते." पोराने मान डोलावली. मग एवढा उंच आहेच तर जाता जाता फ्लेक्स बांधून दे म्हटलं, तर लगेच खांबावर चढला. गुणी आहे.

उजवी बाजू बांधून झाली आणि नागपूरची गाडी आली. पोट्ट्याने खांबावरून उडी मारली, पिशवी उचलली आणि गाडीत चढला. भाड्याला पैसे कुठून आले कोणास ठाऊक. मागून कळलं, आबाजींनी दिले.

धोनी अजून डाव्या बाजूने लोंबतो आहे आणि आमच्यापैकी एकवीस जण त्याच्या घडीत गेले आहेत. तुमच्या गावात एखादा उंच पोट्टा रिकामा असेल तर पाठवून द्या.