जेवणाचं तिथे बघणार कोण?

आज सकाळी घरच्या ग्रुपवर भाच्याचा मेसेज. 'भाऊबीजेला सगळे थीम पार्कात भेटू. मुंबईवाले खालून येतील, आपण पुणेकर वरून. तिकिटं मी काढतो. जेवणाचं तिथे बघू.' त्याखाली अंगठे, बदाम, नाचणारी बाई. बघणार कोण, हे एकानेही विचारलं नाही.

मला 'तिथे बघू' या वाक्याचा मनापासून राग येतो. असं म्हणणारा माणूस तिथे गेल्यावर कधीच काही बघत नाही, तो राइडच्या रांगेत असतो. बघतात त्या मावश्या, काकू, आणि चक्कर येते म्हणून खाली थांबलेली माणसं. पर्सा, पिशव्या, ओले टॉवेल आणि चौदा जणांची भूक, सगळ्याची राखण त्यांच्या गळ्यात.

गेल्या दिवाळीत अशाच एका पार्कात (कुठल्या ते सांगत नाही, सुट्टीच्या दिवशी सगळीकडे हेच असतं) फूड कोर्टच्या रांगेत पुढे एक आजोबा होते. पंच्याहत्तरीचे असतील, पांढरा शर्ट, खिशात गोळ्यांची पाकिटं. मुलगी म्हणाली, 'बाबा, आता नंबर येईलच, जेवणाआधीची गोळी घेऊन टाका.' त्यांनी घेतली. तेव्हा एक वाजला होता. ताट हातात आलं दोनला दहा मिनिटं कमी असताना. तोवर आजोबांना दरदरून घाम सुटलेला, हात थरथरतोय, आणि ते आजूबाजूच्यांना सांगतायत, 'काही नाही हो, ऊन लागलंय.' आइस्क्रीमच्या काउंटरवरच्या मुलीच्या आधी लक्षात आलं. तिने ग्लासभर पाण्यात तीन-चार चमचे साखर ढवळून दिली.

यात पार्कची चूक नाही. एक वाजता सगळ्यांनाच भूक लागते, बस. पण ज्यांच्या घरात मधुमेह आहे (म्हणजे कुणाच्या घरात नाही?) त्यांनी एवढं तरी पाळा: जेवणाआधीची गोळी किंवा इन्सुलिन ताट समोर आल्यावरच. रांगेत नाही, टोकन हातात आल्यावर नाही, 'पाचच मिनिटं' म्हटल्यावर तर अजिबात नाही. साखर उतरली तर साखरपाणी किंवा साधं, डाएट नसलेलं कोल्ड्रिंक द्यायचं, पंधरा मिनिटांनी परत तपासायचं, मग पोटभरीचं काहीतरी. चॉकलेट देऊ नका, त्यातल्या तुपकटपणामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. आणि इन्सुलिन गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवून जाणाऱ्यांना काय म्हणावं मला कळत नाही.

तर मुद्दा असा. सणाचं जेवण पार्कच्या आत, दुपारी एक वाजता, सगळ्यांनी एका टेबलावर, हा बेत होत नाही. कधीच होत नाही. खोपोलीजवळ २०१३ साली इमॅजिका हे थीम पार्क सुरू झालं तेव्हापासून पुण्या-मुंबईच्या कुटुंबांना अर्ध्या वाटेवर भेटायची आयती जागा मिळाली. चांगलंच आहे ते. पण भेटायची जागा आणि जेवायची जागा एकच असायला हवी, हे कुणी ठरवलं?

माझं सरळ मत आहे: ओवाळणी आणि सणाचं जेवण सकाळी, पार्कचं गेट उघडायच्या आधी उरका. आदल्या रात्रीच खोपोली-कर्जत भागात दोन-तीन खोल्या घ्या. पुणेकरांनी घाट आदल्या संध्याकाळी उतरायचा. सणाच्या सकाळी खंडाळ्यापासून खाली गाड्या कशा उभ्या असतात ते एक्सप्रेसवे झाल्यापासून आपण सगळे बघतोय, तरी दर वर्षी 'सहाला निघू, आठला पोचू' म्हणणारा एक जण असतोच. खोल्या घेताना एकच गोष्ट विचारा: व्हरांड्यात बसून घरचं खाल्लं तर चालेल का? बहुतेक जण हो म्हणतात, फक्त ते आधी विचारायचं असतं.

साडेआठला ओवाळणी, नऊला पानं. दशम्या, बटाट्याची सुकी भाजी, शेंगदाण्याची चटणी, श्रीखंड. झालं.

दशम्यांना किलोभर कणकेला अर्ध्या लिटरहून थोडं जास्त दूध लागतं, पाणी नाही. दोन चमचे तेलाचं मोहन. जरा जाडसर लाटल्या तर साधारण तीस होतात. चौदा जणांत चार पोरं धरली तर दीड किलो कणीक पुरते. बिघडतं कुठे, तर डबा भरताना. गरम दशम्या एकावर एक रचून फॉइलमध्ये गुंडाळल्या की वाफेचं पाणी सुटतं, खालच्या चिकट होतात आणि सकाळपर्यंत आंबूस वास येतो. सुती पंचावर एकेक पसरून पूर्ण गार करा, मगच डब्यात. तळाला पेपर नॅपकिन.

भाजीत कांदा नको, ओलं खोबरं नको. या दोन गोष्टींनीच प्रवासातली भाजी उतरते. दीड किलो बटाटे आदल्या दुपारी उकडा, गार झाल्यावर सोला, फोडणीत मोहरी-हिंग-हळद-मिरची-कढीपत्ता, आणि परतून परतून कोरडी करा. लिंबू गार झाल्यावर पिळायचं. पुदिन्याची हिरवी चटणी करायचा मोह होईल, करू नका. चटणी शेंगदाण्याची किंवा तिळाची, कोरडी, तीनशे ग्रॅम. वर घालायचं तेल छोट्या बाटलीत वेगळं.

श्रीखंड एक किलो, त्याहून जास्त नको. माणशी अर्धी वाटी. लोक नाराज होतील, होऊ देत. पोटात तीन वाट्या श्रीखंड घेऊन उलट्या लटकवणाऱ्या राइडवर बसलेल्या माणसाच्या मागच्या सीटवर तुम्ही असाल, एवढं लक्षात ठेवा. श्रीखंडाचे डबे रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा, निघताना थर्मोकोलच्या खोक्यात, चारी बाजूंना गोठवलेल्या पाण्याच्या लिटरच्या बाटल्या. खोकं डिकीत नको, तिथे तापतं. मागच्या सीटच्या पायापाशी, एसीच्या हवेत. दर अर्ध्या तासाने उघडून 'गार आहे ना?' बघायचं नाही, त्यानेच ते गरम होतं. बाटल्यांचं पाणी नंतर प्यायला होतंच. मुक्कामी पोचल्यावर हॉटेलचा फ्रीज मागायचा.

आता इथे कुणीतरी म्हणणारच, की सणाच्या दिवशी बाईने स्वयंपाकघरातून सुटावं म्हणून तर बाहेर जायचं, आणि तुम्ही तिला पंचेचाळीस दशम्या लाटायला लावताय. बरोबर आहे. याला माझ्याकडे उत्तर नाही. म्हणून म्हणते, लाटू नका. पुण्यात गल्लोगल्ली पोळी-भाजी केंद्रं आहेत, बचत गटाच्या बायका दशम्या उत्तम करून देतात. फक्त ऑर्डर आठवडाभर आधी द्या. पाडवा-भाऊबीजेला त्यांच्याही घरी सण असतो, त्या दुकान बंद ठेवतात, आणि ठेवावंच. आदल्या रात्री फोन करून 'ताई, एवढं करा ना' म्हणायचं नाही.

नऊला असं जेवलं की दुपारचं ओझं निम्मं होतं. पार्कात बाहेरचं खाणं नेऊ देत नाहीत. त्यांचाही धंदा आहे, ठीक आहे. आत खायचं, पण साडेअकराला. हो, भूक नसेल, तरी साडेअकराला. काउंटर नुकते लागलेले असतात, भात मोकळा असतो, खुर्च्या रिकाम्या असतात. दोन वाजेपर्यंत तीच जागा मुंबईची लोकल होते. साडेअकरा चुकलं तर सरळ पावणेतीन. मधल्या वेळात फूड कोर्टकडे फिरकायचंच नाही. उलट तेव्हा बरेच जण जेवत असतात, म्हणून कधी कधी राइडच्या रांगा जरा सैल होतात.

आणि चौदा जणांनी चौदा वेगळे पदार्थ मागवायचे नाहीत. डोशाच्या तव्यावर एका वेळी तीन-चार डोसे. पुढे वीस ऑर्डरी आणि मागे तुमचे चौदा, म्हणजे पाऊण तास गेला, पहिला डोसा खाणारा शेवटचा डोसा येईपर्यंत परत भुकेला. पिझ्झाचं तेच, ओव्हनची जागा ठरलेली असते. पातेल्यातून वाढायचं मागवा: राजमा-चावल, पुलाव, छोले. डाव बुडाला की ताट तयार. एकत्र बसायचा हट्टही सोडा. चार-पाच जणांचे तीन गट, प्रत्येक गटाचं वेगळं बिल, वेगळं टेबल. म्हाताऱ्या माणसांना खुर्च्या धरायला उभं करू नका. हे तर मी डोळ्यांनी पाहिलंय: त्या आजोबांना आधी पंधरा मिनिटं एका टेबलापाशी उभं केलं होतं, जेवणारे कधी उठतायत यावर नजर ठेवून. जेवणाऱ्यांच्या डोक्यावर! त्यांना स्वतःलाच इतकं अवघड झालं होतं की ते आपणहून रांगेत येऊन उभे राहिले.

पैशांचं बघा. एक वाजता सगळ्यांचे फोन एकाच टॉवरवर, यूपीआय गोल गोल फिरत राहतं. प्रत्येक गटाकडे रोख दोन-अडीच हजार हवेत, सुट्यांसकट. वॉटर पार्क असेल तर फोन आणि पाकीट लॉकरमध्ये, किल्ली एकाच्या मनगटाला, आणि तो एक जण कुठल्यातरी घसरगुंडीच्या टोकावर. तेव्हा जेवणाचे पैसे किल्लीवाल्याकडे ठेवू नका, झिपच्या प्लास्टिक पिशवीत खाली थांबणाऱ्याकडे द्या. काही ठिकाणी ओल्या कपड्यांत एसी रेस्टॉरंटमध्ये घेत नाहीत, तेव्हा कोरडा जोड हाताशी हवा.

निघण्याच्या आठवडाभर आधी, कामाच्या दिवशी, पार्कला एक फोन करा. औषधं आणि तान्ह्या बाळाचं खाणं आत नेता येतं का, त्याला डॉक्टरची चिठ्ठी लागते का? हातावर शिक्का मारून बाहेर जाऊन परत येता येतं का? तिकिटासोबत जेवणाचं कूपन घेतलं तर ते कुठल्या रेस्टॉरंटला आणि किती वाजेपर्यंत चालतं? जैन जेवण मिळतं का? दहा मिनिटांचं काम आहे. अरे, दहा मिनिटांचं! तिकिटाचं डिस्काउंट शोधण्यात ह्या मुलांचे दोन-दोन तास जातात.

परत बाहेर येता येत असेल तर चार वाजता फराळ. चिवडा, चकली, शंकरपाळे दिवसभर गाडीत राहू शकतात, त्यांना काही होत नाही. तुपातले बेसनाचे लाडू मात्र बंद गाडीत मऊ होऊन बसतात, ते खोलीवरच संपवा. ओल्या नारळाच्या करंज्या नेऊच नका.

जरा चिडूनच लिहितेय, कळतंय मला. भाचा गुणी आहे, सगळ्यांना एकत्र आणायची धडपड तोच करतो, नाहीतर हल्ली कोण कुणाला भेटतं. त्या आजोबांची मुलगीही काही निष्काळजी नव्हती. तिने गोळीची वेळ लक्षात ठेवली होती म्हणून तर गोळी दिली. नंतर त्यांच्या पायाशी बसून त्यांचे तळवे चोळत होती, रडत होती. तिला रांगेचा अंदाज चुकला, एवढंच. पण तो अंदाज तिने एकटीनेच का करायचा? जावई, नातवंडं, तिकिटं काढणारा तो हौशी कुणीतरी, सगळे होते की तिथे. वरच्या मजल्यावरून फोटो काढत होते.

राहिलं रात्रीचं. पार्क बंद झालं की सगळी गर्दी एकदम एक्सप्रेसवेवरच्या फूड मॉलवर धडकते. तिथे चौदा काय, चार जणांनाही बसता येत नाही. आणि तसंही मुंबईवाले उलट्या दिशेला गेलेले असतात. घाट चढायच्या आधी पोरांना केळं किंवा कोरडी बिस्किटं द्या, त्याहून जड काही नको. घरी मुगाची खिचडी. दीड वाटी तांदूळ आणि एक वाटी मुगाची डाळ एका डब्यात, हळद, हिंग, मीठ वेगळ्या वाटीत, सगळं मोजून आदल्या दिवशीच ओट्यावर ठेवा. पोचल्यावर डाळ-तांदूळ धुवायचे, वाटीतलं सगळं आणि सहा वाट्या पाणी घालायचं, तीन शिट्ट्या. कुकर लावणारा माणूस येताना गाडीत झोपलेला असावा, एवढीच माझी अट आहे.